प्रौढ वयातील परिचर्येची दीक्षा

एखाद्या पेढीच्या जमाखर्चात, शाळेच्या वर्गात किंवा सरकारी दप्तरात दहापंधरा वर्षे घालविलेला मनुष्य, संसाराचा भार शिरावर असताना, स्थिर नोकरी सोडून परिचर्या शिकण्यासाठी विद्यापीठात दाखल होतो, तेव्हा आप्तेष्ट त्या निश्चयाला लहर समजतात. परंतु इंग्लंडात हे आता इतके रूढ झाले आहे की, अशा विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांनी वेगळी वाटच आखून दिली आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात निघाली, आणि त्यानंतर दीर्घकाळ हे शिक्षण रुग्णालयाच्या छत्राखाली उमेदवारीच्या शिरस्त्याने चालले. २०१३ पासून मात्र इंग्लंडात नव्याने शिकणाऱ्यास पदवीवाचून नोंदणी मिळत नाही. पदवीची मुदत सामान्यतः तीन वर्षांची. पण जो आधीच पदवीधर आहे आणि ज्याला रुग्णसेवेचा काही अनुभव आहे, त्याचे पूर्वीचे शिक्षण हिशेबात वळते करून घेऊन त्याला दोन वर्षांतही पात्र होता येते. एकंदर ४,६०० तासांचे हे शिक्षण निम्मे वर्गात आणि निम्मे प्रत्यक्ष रुग्णांजवळ होते.

रुग्णांजवळच्या या निम्म्या भागातच प्रौढ विद्यार्थ्याची खरी कसोटी असते. बारा बारा तासांची पाळी, रात्रपाळी, रविवारची हजेरी, आणि हे सारे विनावेतन; घरी मुले लहान असतील तर त्यांची सोय आधी लावावी लागते. मलमूत्राची किळस थोड्याच दिवसांत जाते. आपल्याहून दहा वर्षांनी लहान सिस्टरकडून चूक दाखवून घेणे अधिक कठीण असते, असे मला वाटते. उलट, रकमा ताळ्यावर आणण्याची सवय असलेला कारकून औषधाची मात्रा दोनदा पडताळतो, शिक्षिकेला भेदरलेल्या रुग्णाशी सोप्या शब्दांत बोलता येते, आणि जिने सासूचे अखेरचे आजारपण काढले आहे, तिला अंथरुणाला खिळलेल्या माणसाची लाज जपणे शिकवावे लागत नाही. ही शिदोरी अठराव्या वर्षी कोणाजवळ असणार?

खर्चाची बाजू थोडक्यात अशी की, इंग्लंडातील जुनी विद्यार्थिवृत्ती २०१७ साली नव्या विद्यार्थ्यांपुरती बंद होऊन कर्जाची पद्धत आली, आणि २०२० पासून वर्षाला किमान ५,००० पौंडांचे, परत न करावयाचे साहाय्य पुन्हा सुरू झाले.

आपल्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, विधवा व प्रौढ स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविले, आणि तेही समाज या कामाला हलके मानीत असताना. आज मात्र बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय घेतलेले असावे लागतात; त्यामुळे वाणिज्य शाखेच्या तीस वर्षांच्या पदवीधराने कितीही तळमळीने अर्ज केला तरी हा दरवाजा त्याला बंदच राहतो. इतर शाखांच्या पदवीधरांना आवश्यक ते शास्त्रविषय शिकवून, त्यांचे पूर्वशिक्षण मोजून पदवीपर्यंत नेणारा अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आता मंजूर करावा.