राहून गेलेल्या गोष्टींची खंत

केलेली चूक आणि राहून गेलेली गोष्ट, या दोन्हींचा पश्चात्ताप होतो. परंतु दोन्हींचे आयुष्य सारखे नसते. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार, नजीकच्या काळात केलेल्या कृतीची खंत अधिक बोचते. संपूर्ण आयुष्याकडे मागे वळून पाहताना मात्र न केलेल्या गोष्टींची खंत वरचढ ठरते.

चूक घडली की माणूस क्षमा मागतो, नुकसान भरून काढतो, निदान धडा तरी घेतो. न केलेल्या गोष्टीला असा शेवट नसतो. ज्या भीतीने तेव्हा पाऊल अडवले, ती कालांतराने क्षुल्लक वाटू लागते आणि ‘तेव्हा केले असते तर?’ हा प्रश्न तेवढा उरतो.

परदेशस्थ नोकरदाराच्या आयुष्यात ही खंत बहुधा ‘पुढच्या वर्षी नक्की’ या शब्दांत साठत जाते. आई-वडिलांजवळ निवांत राहणे, दुरावलेल्या भावाला फोन करणे, यांना कार्यालयातील कामासारखी मुदत नसते. म्हणून ती मागे पडतात.

आपल्याला खरोखर काय मोलाचे वाटते, हे पश्चात्ताप दाखवून देतो. म्हणून खंतींची विभागणी करावी. ज्यांची वेळ निघून गेली, त्या स्वीकाराव्यात. वडिलांना देता न आलेला वेळ आता आईला द्यावा. ज्यांची वेळ अजून हाती आहे, त्यांच्यासाठी आजच तारीख ठरवावी आणि तिकीट काढावे.