भेव नाई, नवल पायजे

दिवाळी उलटून सोयाबीनची आवक ओसरली की दिवाणजी वाचनालयात येतात. वाशिमच्या बाजार समितीत एका अडत दुकानाच्या चोपड्या लिहिण्यात त्यांची उमर गेली. हर्रासाच्या दिवशी कट्ट्यात हात खुपसून मूठभर दाणे तळहातावर पसरायचे, एखादा दाताखाली धरायचा आणि ओल किती ते सांगायचं, ही त्यांची सवय. पुस्तकालाही ते असाच हात लावतात. देवघेवीच्या टेबलापाशी उभ्या उभ्या मधलंच पान उघडतात, ओठ हलवत अर्धं पान वाचतात आणि पुस्तक खाली ठेवतात. पालथं ठेवलं तर नको. उताणं ठेवलं तर कार्डावर चढवा.

पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले होते, "ताई, राजा पायजे, जादू पायजे, दुसरं जग पायजे. पन लेकराईचं नको. अन् भेव नको, नवल पायजे."

आमच्या कपाटांवर पट्ट्या आहेत त्या अशा: सामाजिक, ऐतिहासिक, पौराणिक, रहस्य, कथासंग्रह, बालवाङ्मय. दिवाणजींना हवं ते यांपैकी कुठल्याच पट्टीखाली सरळ सापडत नाही. मोठ्या माणसासाठी लिहिलेलं अद्भुत मराठीत कमी आहे हे खरंच, पण जे आहे तेही दुसऱ्यांच्या घरी पाहुणं म्हणून राहतं. ते शोधून काढणं हे माझं काम, आणि मला ते मनापासून आवडतं.

अशा वाचकांसाठी मी एक रेघी वही ठेवली आहे. डावीकडे परत आलेलं पुस्तक, उजवीकडे ते का परतलं याचं कारण, वाचकाच्याच शब्दांत. आवडलेल्या पुस्तकाबद्दल माणसं फार तर "छान होतं" म्हणतात, त्यातून मला काहीच कळत नाही. नकार मात्र नेमका असतो. दिवाणजींच्या पानावर नारायण धारपांच्या 'लुचाई'समोर लिहिलं आहे, "भेव हाये, नवल नाई." 'मेलुहाचे मृत्युंजय'समोर, "देवाचा मानूस केला, मंग नवल कुठं उरलं?" एका पौराणिक कादंबरीसमोर, "शेवट मले पयलेच माईत हाये." 'हॅरी पॉटर' शाळेचं नाव दिसताच पालथा पडला होता.

मग मी भीत भीत 'हॉबिट' पुढे केलं. ते मुळात मुलांसाठी लिहिलेलं, म्हणून पालथंच पडणार अशी माझी खात्री होती. दिवाणजींनी पान उघडलं ते नेमकं बिल्बो घाईघाईत घर सोडतो आणि रुमाल विसरतो तिथलं. पन्नाशीचा गृहस्थ, बसल्या जागी सगळं सुख, आणि रस्त्याला लागल्यावर त्याला रुमालाची आठवण येते. दिवाणजी हसले, पुस्तक उताणं ठेवलं. "लेकराईचं नको" याचा अर्थ मी इतके दिवस चुकीचा लावत होते. त्यांना सोडून जायला घर असलेला माणूस हवा होता. त्या हिवाळ्यात मुग्धा कर्णिकांनी मराठीत आणलेले 'स्वामी मुद्रिकांचा'चे तीनही खंड त्यांनी वाचून काढले.

त्यानंतर मी आमच्या जुन्या कपाटांकडे वळले. मराठी कादंबरीची सुरुवातीची वाटचाल तर अद्भुताच्याच वाटेनं झाली. हळब्यांची 'मुक्तामाला' 1861 ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868 ची. पुढे हरिभाऊ आपट्यांनी घरातलं जग कादंबरीत आणलं आणि त्या थोर कामाबरोबर एक समजही रुजला, की जाणत्यांनी वास्तव वाचावं आणि अद्भुत पोरांसाठी सोडावं. या समजानं आपलं नुकसान केलं असं मला वाटतं.

तरी नाथमाधव होते. सिंहगडावर शिकारीला गेले असता ते कड्यावरून पडले, कमरेखालचं शरीर लुळं पडलं, आणि त्यानंतरच्या आयुष्यात त्यांनी कादंबऱ्यांवर कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचा 'वीरधवल' मी दिवाणजींना दिला. जुनी बांधणी, पिवळी पानं. चौथ्या दिवशी ते सकाळीच दारात उभे. शेवटची सोळा पानं, एक अख्खा फर्मा, त्यात नव्हता. चूक माझी होती, मी पुस्तक न चाळताच दिलं होतं. ते रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "खात्याची बाकी राह्यली, ताई." दुसऱ्या गावच्या ग्रंथपालांना फोन करून मी त्या पानांचे फोटो मागवले आणि छापून चिकटवले. तेव्हापासून कुठलंही जुनं पुस्तक देताना मी आधी शेवटचं पान पाहते.

जी. ए. कुलकर्णींपर्यंत पोचायला मात्र मला वेळ लागला, कारण 'रमलखुणा' कथासंग्रहांच्या रांगेत होतं आणि मी कादंबऱ्या शोधत होते. त्यातल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथांत स्वतःचा भूगोल असलेलं जग आहे, अनोळखी नावं आहेत, आणि नियतीशी भिडणारी मोठी माणसं आहेत. दिवाणजींनी ते तीन आठवडे ठेवलं. परत करताना म्हणाले, "हे एकदा वाचून भागत नाई," आणि पुन्हा घेऊन गेले.

मग मराठी कपाट संपत आलं. हिंदीतली देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' झाली. वऱ्हाडात हिंदी वाचायला कुणी बिचकत नाही आणि दूरदर्शनवरची मालिका त्यांना पाठ होती. मालिकेपेक्षा पुस्तकातला तिलिस्म त्यांना जास्त रुचला, कारण तिथे नुसती जादू नाही, कळा आणि यंत्रं आहेत. नवीन इंग्रजी पुस्तकं मी वाचते, पण ती त्यांच्यापर्यंत न्यायची कशी? शेवटी मी एक पुस्तक तोंडी सांगायचं ठरवलं.

सुझॅना क्लार्क या इंग्लिश लेखिकेची 'पिरानेसी' 2020 साली आली आणि पुढच्या वर्षी तिला विमेन्स प्राइझ मिळालं. एक माणूस एका अफाट घरात राहतो. दालनामागून दालन, प्रत्येकात पुतळे, खालच्या मजल्यांत समुद्र आणि वरच्यांत ढग. तो भरतीच्या वेळा मांडतो. घरात सापडलेल्या तेरा मृतांची हाडं तो निगुतीनं सांभाळतो, त्यांना पाणी आणि कमळं वाहतो. आणि रोज वहीत नोंद करतो, त्या वह्यांची विषयवार सूचीही ठेवतो.

सूची म्हणताच दिवाणजी खुर्ची ओढून बसले. दुपारी वाचनालयात माणूस नसतो. चार दुपारी मी सांगत राहिले, ते मधेच थांबवून विचारत राहिले. वह्यांना क्रमांक कसा? मागचा क्रमांक पुढच्याशी जुळतो का? जुळत नाही, हेच तर त्या गोष्टीचं मर्म. त्या माणसाला स्वतःच्याच अक्षरातल्या नोंदी सापडतात, पण त्या लिहिल्याचं त्याला आठवत नाही. काही पानं फाडलेली निघतात. मी इथवर आले तशी दिवाणजींची बोटं टेबलावर थांबली. "पानं फाडली? कोनं? थ्यानंच?"

कुठल्याही समीक्षणातून मला हे कळलं नसतं. आयुष्यभर खातं लिहिलेल्या माणसाला राक्षसाचं भय वाटत नाही, फाटलेल्या पानाचं वाटतं. 'वीरधवल'चा तो फर्मा मला तेव्हा पुन्हा आठवला.

पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "आपल्याकडं असं नाई का काई?"

आपल्याकडे, म्हणजे याच जिल्ह्यात, कारंजा लाडला सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ यांच्या मंदिरांत हस्तलिखितांची भांडारं आहेत. त्यांतून निघालेल्या अपभ्रंश काव्यांची कारंजा जैन ग्रंथमाला छापली गेली. 1931 मध्ये प. ल. वैद्यांनी संपादलेलं 'जसहरचरिउ' आलं, 1934 मध्ये हिरालाल जैनांचं 'करकंडचरिउ'. हिरालालजी तेव्हा अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवत होते. हे दुसरं काव्य पुढे भारतीय ज्ञानपीठानं हिंदी अनुवादासह काढलं. ती प्रत मी एका ओळखीच्या घरून मागून आणली.

मुनी कनकामरांच्या या काव्याचा नायक स्मशानात जन्मतो. त्याची गरोदर आई हत्तीनं राज्यातून दूर नेलेली. त्याला वाढवतो तो वरून मातंग दिसणारा, पण खरा विद्याधर. हाताला खाज म्हणून नाव करकंडू. एक दिवस राजा निवडायला सोडलेला हत्ती नेमका त्याच्यापुढे येऊन थांबतो. पुढे हा राजा तेरापूरला, आजच्या धाराशिवजवळच्या लेण्यांशी येतो. मूर्तीच्या आसनातल्या दगडात एक गाठ दिसते. ती छिन्नीनं फोडली जाते आणि आतून पाण्याचा लोंढा उसळून लेणं भरून टाकतो.

दिवाणजींनी मधलं पान उघडलं. ओठ हलले. मग पुस्तक मिटून ते शीर्षकाच्या पानाकडे बघत राहिले. "कारंज्याचं? थ्या गल्लीत मी दर महिन्याले वसुलीले जात होतो."

पंधरा दिवसांनी पुस्तक परत आलं. वहीत उजवीकडे मी लिहून घेतलं: "गाठ फोडली थे लई भारी. मधात उपदेश जास्त." आणि खाली त्यांनीच सांगितलेलं, पुढच्या वेळेसाठी: "पानी निघालं तसं पायजे. पन संन्यास नको."

परवा सुट्टीच्या दिवशी मी कथासंग्रहांची रांग पुन्हा पहिल्या पुस्तकापासून चाळायला घेतली आहे.