वर्गात मराठी बोललं की इंग्रजी बिघडतं?

जूनमध्ये शाळा उघडल्या की पालकसभेत एक मागणी हमखास येते: "मॅडम, वर्गात मराठी साफ बंद करा, त्याशिवाय पोरांना इंग्रजी येणार नाही." काही शाळा ही मागणी इतकी मनावर घेतात की तोंडातून मराठी शब्द निघाला की दंड! सात वर्षांच्या पोराला आईच्या भाषेबद्दल दंड लावणं बरं की वाईट, ते घटकाभर बाजूला ठेवू. निदान त्यानं इंग्रजी तरी येतं का? नाही येत.

'इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं' हे काही निसर्गनियम नव्हे. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावर परिषद झाली. तिथून रूढ झालेली पाच गृहीतकं रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ च्या 'लिंग्विस्टिक इम्पीरियलिझम' या पुस्तकात तपासली आणि पाचही फोल ठरवली. वर्गात फक्त इंग्रजी हे त्यातलंच एक. ज्या परदेशी शिक्षकाला मुलांची भाषा येत नाही, त्याच्या सोयीचं हे तत्त्व. आपल्या शिक्षकांना मुलांची भाषा येते. त्यांनी का म्हणून मुकं व्हावं?

यावर कॅनडाचं उदाहरण तोंडावर फेकलं जातं: तिथे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना थेट फ्रेंच वर्गात बसवलं आणि ती फ्रेंच शिकली. खरं आहे. १९६५ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये हा प्रयोग सुरू झाला. पण अर्धीच गोष्ट सांगू नका. त्या शिक्षकांना इंग्रजी कळत होतं. सुरुवातीला मुलं खुशाल इंग्रजीत बोलत आणि शिक्षक फ्रेंचमधून उत्तर देत. घरची भाषा बोलली म्हणून दंड वगैरे काही नव्हता. उलट कॅलिफोर्नियात १९९८ साली मतदारांनी कौल देऊन द्वैभाषिक शिक्षणावर कडक बंधनं आणली आणि २०१६ साली त्याच राज्यातल्या मतदारांनी ती उठवली.

मूल कोरी पाटी घेऊन इंग्रजीच्या तासाला येत नाही. ज्याला भागाकार मराठीत कळलाय, त्याला 'डिव्हिजन' हा फक्त शब्द शिकायचा असतो, भागाकार नव्हे. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स १९७९ पासून हेच सांगत आलेत: पहिल्या भाषेतली समज दुसऱ्या भाषेत कामाला येते.

आता चौथीच्या वर्गात चला. 'मी काल बाजारात गेलो' हे इंग्रजीत सांगायचंय. पोरगं उठून म्हणतं, 'आय यस्टरडे मार्केट वेंट.' ते ढ नाही. त्यानं मराठीची रचना इमानानं पाळलीय. फक्त इंग्रजीचा हट्ट धरणाऱ्या वर्गात बाई 'राँग' म्हणतात, बरोबर वाक्य फळ्यावर लिहितात, पोरं उतरवून घेतात. का चुकलं ते कुणालाच कळत नाही. हुशार बाई दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहितात आणि मुलांना क्रियापदाखाली रेघ मारायला लावतात. 'गेलो' शेवटी, 'वेंट' मात्र 'आय'ला खेटून. 'बाजारात'मधला 'त' शब्दाच्या शेपटाला, तर 'टू' बाजाराच्या आधी. खडू एक, भाषा दोन, पाच मिनिटांचं काम.

सूचनांसाठीही एक साधी युक्ती आहे. वेल्समधले सी. जे. डॉडसन यांनी १९६७ च्या पुस्तकात द्वैभाषिक पद्धत मांडली. आपल्याकडे ती अशी वापरता येईल: वाक्य आधी इंग्रजीत, मग हळू आवाजात मराठीत, लगेच पुन्हा इंग्रजीत. दोन-चार दिवसांत मधली मराठी आपोआप गळते.

पण याचा अर्थ तास मराठीत काढा असा नाही, हेही ठणकावून सांगायला हवं. आपल्याकडच्या पुष्कळ वर्गांत इंग्रजीचा धडा म्हणजे एक ओळ वाचायची, तिचा मराठी अर्थ सांगायचा आणि प्रश्नोत्तरं गाईडमधून उतरवायची. चाळीस मिनिटांत मुलाच्या तोंडून एक इंग्रजी वाक्य निघत नाही. मराठीचा उपयोग इंग्रजीकडे नेण्यासाठी, इंग्रजी टाळण्यासाठी नव्हे. हा फरक दंडवाल्यांनाही कळत नाही आणि गाईडवाल्यांनाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. 'जितकं लहान, तितकं लवकर येतं': कार्मेन मुन्योस यांच्या बार्सिलोनातल्या अभ्यासात तेवढेच तास शिकलेल्या मुलांत आठव्या वर्षी सुरुवात केलेल्यांपेक्षा अकराव्या वर्षी सुरुवात केलेली पुढे होती. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण नुसती इयत्ता खाली आणून भागत नाही. 'घरी आईनं इंग्रजीतच बोलावं': मोडक्या इंग्रजीपेक्षा भरघोस मराठी गोष्टी केव्हाही चांगल्या. 'प्रत्येक चूक तिथल्या तिथे सुधारावी': मग मूल बोलायचंच थांबतं. 'प्रोजेक्टर नाही, साधनं नाहीत': बिस्किटाचे पुडे, साबणाची वेष्टनं, औषधांच्या पट्ट्या (रिकाम्या!) आणा, त्यांवरच्या तारखा, वजनं, सूचना वाचायला लावा, आठवडाभराचा धडा तयार. आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला विसरू नका. मराठी-इंग्रजी वाक्यं शेजारी ठेवून त्या पुस्तकानं पिढ्यान्पिढ्या इंग्रजी शिकवलं. बोलण्याच्या सरावात ती तोकडी पडायची, पण मराठीमुळे नव्हे.

तेव्हा पालकांनो, पुढच्या सभेत वर्गात मराठी किती बोलतात हे विचारू नका. गेल्या आठवड्यात माझ्या मुलानं स्वतःहून किती इंग्रजी वाक्यं बोलली, किती पानं वाचली, हे विचारा. आणि दंडाची पावती आली, तर ती भरू नका.