पहिल्या घंटेआधीचा तास

सकाळी ७. बँडरूमचं दार उघडलं की व्हॉल्व्ह ऑइलचा वास येतो. सिअ‍ॅटलमधली हायस्कुलं २०१६पासून पावणेनऊच्या सुमारास भरू लागली, त्याआधी आठच्याही आत भरायची. मुलांना झोप मिळावी म्हणून वेळ पुढे ढकलली, पण जॅझ बँडच्या मुलांना त्याचा फारसा फायदा नाही. त्यांचा तास पहिल्या घंटेच्याही आधी असतो आणि त्याला सगळे ‘झिरो पिरियड’ म्हणतात. मी इथे पालक म्हणून नोटेशनच्या फायली सांभाळते. आज संध्याकाळी शाळेचा कार्यक्रम आहे, म्हणून ऑफिसला सुट्टी टाकली आणि दिवस इथेच काढायचं ठरवलं.

साडेसात. पुढे पाच सॅक्सोफोन, मागे ट्रॉम्बोन, त्यांच्यामागे उभे ट्रम्पेटवाले, बाजूला पियानो, गिटार, बास आणि ड्रम्स. ड्यूक एलिंग्टनची ‘को-को’ घ्यायची आहे, १९४०ची. ती बॅरिटोन सॅक्सोफोनच्या खर्जावर उघडते आणि तो खर्ज आमच्या लेकीकडे आहे. मुळात तो हॅरी कार्नीचा. कार्नी १९२७मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी एलिंग्टनकडे आला आणि १९७४मध्ये एलिंग्टन गेला तोवर तिथेच राहिला. एलिंग्टन नुसत्या वाद्यासाठी लिहीत नसे. समोर बसलेल्या माणसाचा आवाज, त्याची फुंकर, त्याच्या खोडी डोळ्यांपुढे ठेवून लिहायचा. त्यामुळे हायस्कूलच्या मुलांपुढे जो कागद येतो तो फार कठीण असतो. सूर वाचता येतात, पण माणूस शोधावा लागतो.

ट्रॉम्बोनच्या रांगेत एका मुलाच्या हातात रबराची काळी वाटी आहे. मोरी तुंबली की वापरतात तो पंप, दांडा काढलेला, हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला. ही वाटी डाव्या हाताने वाद्याच्या तोंडापुढे धरून उघडझाप केली की ट्रॉम्बोन बोलू लागतो. ‘को-को’मध्ये हे काम ट्रिकी सॅम नँटनने करून ठेवलंय, आणि ते ऐकताना माणूस काही सांगतोय असंच वाटतं. मुलगा तीनदा वाजवतो, तीनही वेळा नुसता दबलेला आवाज येतो. बँडचे सर त्याला वाद्य मांडीवर ठेवायला सांगतात. “तोंडाने म्हण.” तो लाजतो, मग म्हणतो, “या-या.” सर ओठांकडे बोट दाखवतात: ओठ उघडतात तेव्हा वाटी उघडायची, पण सगळी नाही, कडेने फट ठेवायची. चौथ्या वेळी तो आवाज येतो. सगळी खोली मान वळवून त्याच्याकडे बघते.

उरलेला तास नोटेशनमधल्या आठ बारांवर जातो. कागदावर अर्ध्या मात्रेचे दोन सूर सारखेच दिसतात; वाजवताना पहिला लांबतो, दुसरा आखडतो. किती, हे लिहून दाखवता येत नाही. म्हणून सर जुनं रेकॉर्डिंग लावतात, मुलं वाद्याविना गातात, मग वाजवतात, मग पुन्हा गातात. मला विचाराल तर शाळांच्या जॅझ बँडचं खरं यश याच आठ बारांत आहे. तेरा-चौदा जण एका झोक्यावर यायला शिकतात, आणि ते कुणी एकट्याने शिकू शकत नाही.

नऊ ते बारा. मुलं गणिताला, इतिहासाला गेली. मी फायली लावते: दुसरा ट्रम्पेट, तिसरा ट्रॉम्बोन, पहिला आल्टो. तिसऱ्या ट्रॉम्बोनचं एक पान हरवलंय.

या गावात ढालींचा विषय निघाला की दोन सरकारी शाळांची नावं येतात. न्यूयॉर्कमध्ये जॅझ अ‍ॅट लिंकन सेंटर १९९६पासून ‘इसेन्शियली एलिंग्टन’ ही हायस्कूल बँडची स्पर्धा भरवतं. शाळांना एलिंग्टनच्या रचनांचं नोटेशन फुकट पाठवतात, आलेल्या रेकॉर्डिंगमधून बहुतेक वर्षी पंधरा बँड निवडतात. २००२ ते २०१० या नऊ वर्षांत पहिलं बक्षीस सात वेळा सिअ‍ॅटलला आलं: रूझवेल्टला २००२, २००७ आणि २००८मध्ये, गारफिल्डला २००३, २००४, २००९ आणि २०१०मध्ये. गारफिल्ड म्हणजे क्विन्सी जोन्स आणि जिमी हेंड्रिक्स यांची शाळा. तिथे क्लॅरेन्स एकॉक्स १९७१मध्ये न्यू ऑर्लिन्सहून आले ते मार्चिंग बँड सावरायला. जॅझ बँड उभा राहिला १९७९मध्ये, आणि ते निवृत्त झाले २०१९मध्ये. जॅझ बँड उभा राहिल्यापासून या स्पर्धेतल्या पहिल्या बक्षिसापर्यंत चोवीस वर्षं गेली होती, हे विसरून चालणार नाही.

दुपारी साडेबारा. मधल्या सुट्टीत डबे घेऊन मुलं इथेच येतात, कुणी पियानोवर बसतं, कुणी नुसतं ऐकतं. मी त्यांना सांगते की १९६३मध्ये एलिंग्टन आपला ऑर्केस्ट्रा घेऊन भारतात आला होता, मुंबईतही वाजवून गेला, आणि कार्नी त्याच्यासोबत होता. बासवाला विचारतो, मुंबईत जॅझ कोण वाजवायचं? मग गोव्याचं सांगावं लागतं. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलं लहानपणीच नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकत. त्यांतून पुढे आलेल्या वादकांनी मुंबईतल्या हॉटेलांचे बँड चालवले आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस. गावातल्या एका शिक्षकाने दहा वर्षांच्या पोराला सूर वाचायला शिकवलं, तिथून ही साखळी सुरू झाली.

अडीच. सर मिडल स्कूलला निघतात, मीही जाते. सहावीतली मुलं क्लॅरिनेटमधून किंचाळ्या काढतात आणि सर अगदी मन लावून ऐकतात. गारफिल्डच्या ढालींमागेही हेच आहे. वॉशिंग्टन मिडल स्कूलमध्ये रॉबर्ट नॅट यांनी वर्षानुवर्षं मुलं तयार केली, ती पुढे एकॉक्स यांच्या हाती आली. रूझवेल्टला तसा एकस्टीन मिडल स्कूलचा आधार होता. न्यूयॉर्कच्या रंगमंचावर टाळ्या घेणारा ट्रम्पेटवाला सहावीतच घडायला लागलेला असतो.

इथेच माझा जीव अडकतो. सहावीत शाळेचं वाद्य मिळतं, शिक्षक मिळतात, पण निवड चाचणीपर्यंत खासगी शिकवणी परवडणाऱ्या घरांतली मुलं पुढे निघून जातात. गारफिल्ड सेंट्रल डिस्ट्रिक्टमध्ये आहे, शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीत. हे संगीत ज्यांच्या घरचं, त्यांचीच मुलं बँडमध्ये कमी दिसू लागली तर कपाटातल्या ढाली बघून मला समाधान वाटत नाही. २०१०मध्ये सुरू झालेली ‘सिअ‍ॅटल जॅझेड’ ही संस्था ऐपतीप्रमाणे फी घेऊन शिकवते, वाद्यंही देते. तेवढ्यावर भागणार नाही, पण वाट तीच आहे.

साडेपाच. खुर्च्या, स्टँड, मायक्रोफोन. “आई, माझी रीडची डबी तुझ्या पर्समध्ये आहे का?” आहे. हरवलेलं पान ड्रम्सच्या पेटीखाली सापडतं.

सात. सभागृह भरलंय. ‘को-को’चा खर्ज लागतो आणि मला खुर्चीच्या हातातून तो जाणवतो. वाटीवाला मुलगा उभा राहतो. पहिल्या दोन बारांत थोडा अडखळतो, तिसऱ्यात नीट बोलू लागतो आणि मग थांबतच नाही. मागच्या रांगेतली एक आजी मोठ्याने दाद देते.

सव्वानऊ. पालक मंडळ बँडरूममध्येच बसतं, देणगीची पेटी उघडते. पुढच्या वर्षी नवे कोट शिवायचे असा एक प्रस्ताव आहे. मुलं मंचावर शोभून दिसतील, तेही खरंच. मी म्हणते, सहावीच्या मुलांसाठी वाद्यं भाड्याने घेऊया आणि आठवड्याला एक फुकट शिकवणी सुरू करूया. मोठ्या वर्गातली मुलं शिकवतील, सर लक्ष ठेवतील. अर्धा तास वाद होतो. कोट एक वर्ष पुढे ढकलले जातात. वाद्यांच्या दुकानाला सोमवारी फोन करायचं काम माझ्याकडे येतं.