घरगुती मिग वेल्डिंग : वायूची निवड

मिग वेल्डिंगमध्ये टॉर्चमधून बारीक तार सतत पुढे सरकत राहते, तिच्या टोकाशी आर्क पेटतो आणि तार वितळून सांध्यात उतरते. त्याच टॉर्चच्या नोझलमधून तारेभोवती एक वायू वाहत असतो. वितळलेल्या धातूपासून हवेला दूर ठेवणे हे त्याचे काम. तापून पातळ झालेले लोखंड हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन शोषून घेते. धातू थिजू लागला की हे वायू बाहेर पडू पाहतात आणि वाटेतच अडकतात. असा सांधा वरून टोचल्यासारखा भोकाभोकांचा दिसतो, आतून ठिसूळ असतो आणि भार पडला की दगा देतो.

पण हवा अडवणे एवढेच या वायूचे काम नाही. आर्क किती स्थिर राहील, धातू पत्र्यात किती खोल शिरेल आणि आजूबाजूला किती शिंतोडे उडतील, हेही तोच ठरवतो. नवशिक्याने मशीनवर हजारो रुपये खर्चावेत आणि दुकानात जो सिलिंडर मिळेल तो उचलून आणावा, असे नेहमी घडते. मग वाईट सांध्याचा दोष मशीनवर जातो.

ही पद्धत 1948 साली अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेत आकाराला आली, ती ॲल्युमिनियम जोडण्यासाठी. तेव्हा कशाशीही संयोग न पावणारे निष्क्रिय वायू वापरले जात, म्हणून नाव पडले ‘मेटल इनर्ट गॅस’. पोलादासाठी हे वायू फार महाग पडत. 1953 साली ल्युबाव्हस्की आणि नोवोशिलोव्ह यांनी कार्बन डायऑक्साइड वापरून दाखवला आणि ही पद्धत साध्या पोलादाच्या कामालाही परवडू लागली. कार्बन डायऑक्साइड निष्क्रिय नसल्यामुळे या प्रकाराला शास्त्रशुद्ध नाव ‘मॅग’ असे आहे. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये मात्र सरसकट ‘सीओटू वेल्डिंग’ म्हणतात.

घरी बहुतेक काम असते साध्या पोलादाचे : खिडकीची जाळी, कुंड्यांचा स्टँड, गेटची दुरुस्ती, चौकोनी पाइपची चौकट. यासाठी खरी निवड दोनच पर्यायांत होते : शुद्ध कार्बन डायऑक्साइड, किंवा 75 ते 80 टक्के आर्गॉन आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण.

कार्बन डायऑक्साइड स्वस्त आहे, कारण मद्यार्क आणि खत कारखान्यांत तो मुख्य उत्पादनाबरोबर आपोआप तयार होतो. आर्कच्या उष्णतेत त्याचे रेणू फुटतात आणि पत्र्याजवळ पुन्हा जुळताना ती उष्णता परत देतात. त्यामुळे धातू खोल आणि रुंद शिरतो. 5-6 मिलिमीटरच्या जाड पट्टीला हे लाभदायक. मात्र आर्क खडबडीत चालतो, तारेच्या टोकाशी थेंब वेडेवाकडे सुटतात आणि शिंतोडे पत्र्याला चिकटतात. ते खरवडून काढण्यात बराच वेळ जातो. फुटलेल्या रेणूंतला ऑक्सिजन धातूला जाळू नये म्हणून तारेत सिलिकॉन आणि मँगनीज घातलेले असते. ईआर70एस-6 ही सर्वत्र मिळणारी तार त्यासाठीच योग्य. सांध्यावर काचेसारखे तपकिरी ठिपके दिसतात ते याच प्रक्रियेचे अवशेष. रंग देण्याआधी ते काढले नाहीत तर रंगाचे पापुद्रे निघतात.

आर्गॉनचा शोध 1894 साली रॅले आणि रॅम्से यांनी लावला. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थ ‘आळशी’ असा आहे. हवेत तो एक टक्क्याहून कमी असतो आणि द्रवरूप हवेतून वेगळा काढावा लागतो, म्हणून महाग. त्यात आर्क सहज पेटतो आणि शांत जळतो. मिश्रण वापरले की शिंतोडे लक्षणीय घटतात, सांधा गुळगुळीत येतो आणि 1 ते 2 मिलिमीटरचा पत्रा भोक न पडता जोडणे सोपे जाते. मग साध्या पोलादाला शुद्ध आर्गॉनच का नको? कारण त्यात आर्क भरकटतो, धातू अरुंद बोटासारखा आत जातो आणि सांध्याच्या कडेला खाच राहते. थोडा कार्बन डायऑक्साइड हवाच. मिश्रणावरून शुद्ध कार्बन डायऑक्साइडवर आल्यास व्होल्टेज एक-दोन अंकांनी वाढवावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

ॲल्युमिनियमला मात्र शुद्ध आर्गॉनच लागतो. कार्बन डायऑक्साइडचा अंशही चालत नाही. स्टेनलेस स्टीलसाठी आर्गॉनमध्ये सुमारे 2 टक्के कार्बन डायऑक्साइड पुरतो. जास्त झाला तर धातूत कार्बन शिरतो आणि न गंजण्याचा गुणच कमी होतो. सर्व धातूंना चालेल असा एक सिलिंडर मिळत नाही.

सिलिंडर किती पुरेल, याचा हिशेब सोपा आहे. घरातल्या कामाला मिनिटाला साधारण 10 लिटर वायू लागतो. 7 घनमीटर आर्गॉनच्या मोठ्या सिलिंडरमधून सुमारे साडेअकरा तास आर्क चालतो. कार्बन डायऑक्साइडच्या एका किलोतून सुमारे 540 लिटर वायू मिळतो, म्हणजे जवळपास पाऊण-एक तास. हा वायू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असल्याने दाबमापक शेवटपर्यंत जवळजवळ तोच आकडा दाखवत राहतो; किती उरला हे वजन करूनच कळते. द्रवाची वाफ होताना रेग्युलेटर गारठून बर्फ साचतो, म्हणून सलग कामासाठी हीटर असलेला रेग्युलेटर घ्यावा. सिलिंडर उभाच ठेवावा, नाहीतर द्रव रेग्युलेटरमध्ये येतो. आग विझवण्याच्या सिलिंडरमध्ये तळापर्यंत नळी असते आणि ती द्रवच बाहेर आणते. तो सिलिंडर या कामाला जोडू नये. कार्बन डायऑक्साइड 31 अंशांच्या वर द्रव राहत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सिलिंडर उन्हात पडू देणे धोक्याचे आहे.

वायू वाढवला म्हणून सांधा सुधारत नाही. प्रवाह फार जोराचा झाला तर भोवरे उठतात आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. छताचा पंखा किंवा अंगणातला वाराही हे आवरण उडवून देतो. उघड्यावर नेहमी काम करणाऱ्याने आत फ्लक्स भरलेली ‘गॅसलेस’ तार वापरावी. तिला मशीनची ध्रुवता उलट करावी लागते आणि धूर जास्त होतो. भोके दिसू लागली तर वायूला दोष देण्याआधी नोझलमधला कचरा, सैल जोड आणि पत्र्यावरचा गंज, तेल, रंग तपासावा. पावसाळ्यात तारेच्या रिळावरही गंज चढतो.

आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड आहेत. आर्गॉनला रंग नाही, वासही नाही. खोलगट किंवा बंद जागेत ते साठले तर माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडू शकतो; कार्बन डायऑक्साइडच्या आर्कमधून थोडा विषारी कार्बन मोनॉक्साइडही निघतो. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, फक्त झोत थेट सांध्यावर येऊ देऊ नये. आर्गॉनच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे 150 बार दाब असतो, घरच्या गॅस सिलिंडरच्या कितीतरी पट. तो भिंतीला साखळीने बांधावा, नेताना वर टोपी असावी. देशात या सिलिंडरांवर नागपूरस्थित पेसो या केंद्रीय संस्थेची देखरेख असते. चाचणीची मुदत सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेली असते. ती उलटलेला सिलिंडर घेऊ नये.

तेव्हा मशीन घेण्याआधीच घराजवळ कोणता वायू भरून मिळतो याची चौकशी करावी. पातळ पत्र्याचे काम असेल आणि मिश्रण मिळत असेल तर तेच घ्यावे. जास्तीचे पैसे घासकामात वाचतात. न मिळाल्यास किंवा काम जाड पट्टीचे असल्यास शुद्ध कार्बन डायऑक्साइडवर नि:शंक काम करावे. आणि काम संपले की सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा; रात्रभर झिरपणारा जोड भरलेला सिलिंडर सकाळपर्यंत रिकामा करतो.