आरोग्य विम्याची सक्ती आणि खान्देशातील हंगामी श्रमिक

प्रस्तावना

आजारपणाचा खर्च हे ग्रामीण कुटुंबाच्या कर्जबाजारीपणाचे एक महत्त्वाचे कारण आहे. हा भार एकट्या कुटुंबावर न पडता समाजाने वाटून घ्यावा, हे आरोग्य विम्याचे मूळ तत्त्व होय. मात्र असा विमा कायद्याने सर्वांवर बंधनकारक करावा की व्यक्तीच्या इच्छेवर सोडावा, याविषयी मतभेद आहेत. प्रस्तुत लेखात जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात या वादाचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

सक्तीमागील तर्क

विमा ऐच्छिक असला की निरोगी व्यक्ती हप्ता टाळते, तर आजारी व्यक्ती तो आवर्जून भरते. परिणामी दावे वाढतात, हप्ता महागतो आणि उरलेले निरोगी सभासदही बाहेर पडतात. अर्थशास्त्रात यास ‘प्रतिकूल निवड’ म्हणतात. सक्ती हा त्यावरील उपाय होय. जर्मनीने १८८३ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी आजारपणाचा विमा बंधनकारक केला. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने विमा न घेणाऱ्यास दंड ठरविला. शासन नागरिकास एखादी गोष्ट विकत घेण्यास भाग पाडू शकते काय, हा प्रश्न न्यायालयात गेला. २८ जून २०१२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा दंड कराच्या स्वरूपाचा मानून वैध ठरविला. पुढे २०१७ च्या कायद्याने तो २०१९ पासून शून्यावर आणला गेला.

सक्तीला वसुलीची जागा लागते

सक्तीचा हप्ता वसूल करण्यासाठी एखादी नोंद आवश्यक असते. खान्देशातील शेतकऱ्यास याचा अनुभव आहे. कर्जदार शेतकऱ्याचा पीक विम्याचा हप्ता पीककर्जाच्या खात्यातूनच कापला जात असे. खरीप २०२० पासून ही सक्ती उठली. ज्याचे बँकेत खाते नव्हते, त्याच्यापर्यंत ही सक्ती पोहोचलीच नाही.

आरोग्याच्या क्षेत्रात भारताने सक्तीचे तत्त्व फार पूर्वीच स्वीकारले. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यानुसार कामगार आणि मालक या दोघांनीही वर्गणी भरणे बंधनकारक झाले. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा वेतनाच्या ०.७५ टक्के, तर मालकाचा ३.२५ टक्के ठरला. परंतु या कायद्याने ‘हंगामी कारखाने’ वगळले आणि त्यांच्या व्याख्येत सरकी काढणे, कापसाच्या गाठी बांधणे, साखर व गूळ तयार करणे या उद्योगांचा नावानिशी समावेश केला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखाने या तरतुदींबाहेरच ठेवले. खान्देश हा कापसाचा प्रदेश. केवळ जिनिंग-प्रेसिंग करणाऱ्या कारखान्यातील मजूर, कापूस वेचणाऱ्या स्त्रिया आणि सातपुड्याच्या पायथ्याहून ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणारी कुटुंबे या सर्वांना आजारपणाचा धोका अधिक असतो. तरीही सक्तीच्या विम्याचे छत्र त्यांच्या डोक्यावर नाही. ज्यांच्या नावाचे वेतनपत्रकच नाही, त्यांच्याकडून वर्गणी कापणार तरी कशातून?

वर्गणीविना संरक्षण

महाराष्ट्राने या प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले. लाभार्थ्यावर हप्त्याची सक्ती न करता तो शासनाने भरावा आणि शिधापत्रिका हीच पात्रतेची खूण मानावी, अशी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत धुळे होते, जळगाव नव्हते. जळगावसह उर्वरित जिल्ह्यांत ती २१ नोव्हेंबर २०१३ रोजी पोहोचली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू लागले. २०१७ मध्ये योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले.

लाभार्थी स्वतः हप्ता भरत नसल्याने आणि पात्र कुटुंब आपोआप समाविष्ट होत असल्याने येथे प्रतिकूल निवडीस फारसा वाव उरला नाही. परंतु पात्रतेच्या सीमारेषेवर विषमता निर्माण झाली. शेतकरी आत्महत्यांनी ग्रस्त चौदा जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही नंतर लाभ मिळाला. त्यांत बुलढाणा होते. शेजारच्या जळगावचा समावेश नव्हता. एकाच प्रकारची कपाशी पिकविणाऱ्या दोन शेतकऱ्यांमध्ये जिल्ह्याची हद्द आडवी आली. १ जुलै २०२४ पासून सर्व शिधापत्रिकाधारक व अधिवासी कुटुंबांना पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाल्यावर हा भेद संपला.

संरक्षण आणि उपचार यांतील अंतर

तथापि संरक्षण मिळणे म्हणजे उपचार मिळणे नव्हे. योजना मुख्यतः अंगीकृत रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. मधुमेह वा रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च कुटुंबालाच सोसावा लागतो. रुग्णालयांची उपलब्धताही सर्वत्र सारखी नाही. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय बऱ्याच आधीपासून आहे. जळगावात ते २०१८ मध्ये सुरू झाले. म्हणजे योजना जळगावात आली तेव्हा तेथे असे महाविद्यालय नव्हते. स्थलांतरितांचा प्रश्न आणखी निराळा आहे. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेतील पात्र कुटुंबास परराज्यातही उपचार घेता येतात. मात्र ज्याचे नाव केवळ राज्याच्या योजनेत आहे, त्या ऊसतोड मजुरास गुजरातेत ही सोय मिळत नाही.

समारोप

सक्ती हवी की नको, एवढ्यापुरताच हा वाद मर्यादित ठेवल्यास खान्देशातील श्रमिक त्याबाहेरच राहतो. जेथे नियमित वेतन आहे तेथे वर्गणीची सक्ती न्याय्य व उपयुक्त ठरते. जेथे उत्पन्नच हंगामी आहे तेथे सक्तीचे बंधन नागरिकावर नव्हे, तर शासनावर असावयास हवे. हप्ता भरला की हे बंधन पूर्ण होत नाही. जवळच्या तालुक्यात खाट, डॉक्टर आणि औषध उपलब्ध करून देणे हाही त्याचाच भाग आहे. हंगामी कारखान्यांना दिलेली सूट आजच्या परिस्थितीत कितपत समर्थनीय आहे, याचाही फेरविचार होणे अगत्याचे आहे.