गृहशुश्रूषा, वृद्धांची

वार्धक्यामुळे किंवा दीर्घकालीन आजारामुळे ज्यांना रुग्णालयात वारंवार जाणे शक्य नसते, अशा व्यक्तींना त्यांच्या राहत्या घरी दिल्या जाणाऱ्या वैद्यकीय सेवेस गृहशुश्रूषा म्हणतात. डॉक्टरची गृहभेट, परिचारिकेने करावयाची जखमांची मलमपट्टी, अंतःक्षेपणे (इंजेक्शने), मूत्रनलिकेची देखभाल, भौतिकी चिकित्सा, औषधांवरील देखरेख आणि असाध्य रोगाच्या अखेरच्या अवस्थेतील वेदनाशमन यांचा तीत समावेश होतो. आंघोळ घालणे, भरवणे, उठवून बसवणे इ. दैनंदिन मदत हे तिचेच पूरक अंग होय. तथापि वैद्यकीय सेवा आणि दैनंदिन मदत यांत विमा योजना नेहमी भेद करतात व तो रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. भारतातील शासकीय आरोग्य विमा मुख्यत्वे रुग्णालयातील उपचारांसाठी असून गृहशुश्रूषेची तरतूद सार्वजनिक आरोग्यसेवेत निराळ्या मार्गाने करण्यात आली आहे. या दोहोंची सांगड किती बसते, हे पाहण्यास अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्याचे उदाहरण उपयुक्त आहे.

गरज : २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यांवरील व्यक्तींची संख्या सु. १०.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. वृद्धांचे आजार बहुधा एकेकटे येत नाहीत. मधुमेह, उच्च रक्तदाब, संधिविकार, दृष्टिमांद्य आणि स्मृतिभ्रंश यांपैकी दोनतीन विकार एकाच व्यक्तीत आढळणे नेहमीचे असते. हे विकार पूर्णपणे बरे होणारे नसून वर्षानुवर्षे आटोक्यात ठेवावयाचे असतात. पक्षाघात किंवा खुब्याचा अस्थिभंग झाल्यास रुग्णालयातील वास्तव्य काही दिवसांचे, पण त्यानंतरची शुश्रूषा कित्येक महिन्यांची असते. अशा रुग्णाचे पुढील आयुष्य कसे जाईल, हे बऱ्याच अंशी या घरच्या काळावर अवलंबून असते.

इतिहास : रुग्णालये सर्वत्र होण्यापूर्वी वैद्य व हकीम घरी येऊनच उपचार करीत. आधुनिक काळात प्रशिक्षित परिचारिकेने घरोघर जाऊन शुश्रूषा करण्याची पद्धत विल्यम रॅथबोन यांनी १८५९ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे सुरू केली. अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने ‘मेडिकेअर’ ही प्रामुख्याने पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी असलेली शासकीय विमा योजना अस्तित्वात आली. तीत घराबाहेर पडणे ज्यांना कठीण आहे, अशा रुग्णांना ठरावीक अंतराने परिचारिकेची व भौतिकी चिकित्सकाची सेवा घरी मिळते. मात्र चोवीस तासांची सोबत किंवा केवळ दैनंदिन मदत मिळत नाही. ही उणीव ओळखून जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन परिचर्येसाठी स्वतंत्र सक्तीचा विमा सुरू केला. रुग्णालयीन विमा आणि परिचर्या विमा ही दोन वेगळी कार्ये आहेत, हे तत्त्व त्यातून रूढ झाले.

भारतातील शासकीय विमा : कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ हा या क्षेत्रातील पहिला व्यापक कायदा होय. त्याच्या कलम ५६ मध्ये वैद्यकीय लाभ दवाखान्यात, रुग्णालयात अथवा विमाधारकाच्या घरी भेट देऊन देता येईल, असे म्हटले होते. सेवानिवृत्त विमाधारक व त्याची पत्नी किंवा पती यांनाही विहित वर्गणी भरून वैद्यकीय लाभ घेण्याची सोय कलम ५६ मध्ये होती. म्हणजे गृहभेटीची कल्पना भारतीय विमा कायद्यास प्रारंभापासून परिचित होती. परंतु ही योजना संघटित कामगारांपुरती असल्याने शेतकरी व शेतमजूर वृद्धांना तिचा उपयोग नव्हता.

महाराष्ट्रात गरीब कुटुंबांसाठी १९९७ मध्ये जीवनदायी आरोग्य योजना आणि २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. दुसरीचे नाव २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे करण्यात आले. केंद्र शासनाची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली व पुढे राज्यात दोन्ही योजना एकत्रितपणे राबविण्यात येऊ लागल्या. राज्य योजनेतील दीड लाख रुपयांचे वार्षिक कौटुंबिक संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढविण्याचा व ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्रीय योजना सत्तर वर्षे व त्यांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, खुली झाली. ज्यांचे कुटुंब या योजनेत आधीच समाविष्ट होते, अशा वृद्धांना त्यांच्यापुरते पाच लाखांचे अतिरिक्त संरक्षण देण्यात आले.

या योजनांचा लाभ अंतर्रुग्ण म्हणून दाखल झाल्यावर मिळतो. केंद्रीय योजनेत दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी पाठविल्यानंतरचे १५ दिवस यांतील तपासण्या व औषधे यांचा खर्च अंतर्भूत असतो. केवळ बाह्यरुग्ण उपचार वगळलेले आहेत. पक्षाघाताच्या रुग्णाचा रुग्णालयातील खर्च त्यामुळे भागतो. परंतु सोळाव्या दिवसापासूनची औषधे, भौतिकी चिकित्सा व परिचर्या कुटुंबाकडे येते. खाजगी विम्यात ‘गृहरुग्णालयीन उपचार’ नावाची तरतूद आढळते. मात्र रुग्णास हलविणे अशक्य असल्यास किंवा रुग्णालयात खाट उपलब्ध नसल्यास, एरवी दाखल करूनच करावा लागला असता असा तीव्र आजाराचा उपचार घरी करण्यापुरतीच ती असते. दीर्घकालीन शुश्रूषा तीतही बसत नाही.

माजी सैनिकांसाठी एप्रिल २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना आहे. नगर येथे भूसेनेच्या चिलखती दलाचे केंद्र व प्रशाला असून जिल्ह्यात निवृत्त सैनिकांची वस्तीही आहे. त्यामुळे या योजनेस येथे विशेष महत्त्व आहे. तीत बाह्यरुग्ण तपासणी व नित्याची औषधेही मिळतात, हा इतर योजनांहून मोठा फरक होय. तथापि तिची रचना बहुसेवा दवाखाना व संलग्न रुग्णालये यांवर आधारलेली आहे.

सार्वजनिक आरोग्यसेवेतील तरतूद : विम्याने जी बाजू मोकळी ठेवली, ती शासकीय कार्यक्रमांनी अंशतः हाती घेतली आहे. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांसाठी स्वतंत्र तपासणी, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना उपकेंद्राच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी गृहभेटी देणे यांची तरतूद आहे. २०१२ मध्ये परिहारक (वेदनाशामक) शुश्रूषेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखण्यात आला व २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फीनसारखी औषधे वैद्यकीय कारणासाठी मिळविण्याची प्रक्रिया सुलभ झाली. २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर होऊ लागले. तेथील सेवांत वृद्धसेवा व परिहारक शुश्रूषा यांचा समावेश असून वृद्धांची हिंडतेफिरते, आधाराने हालचाल करणारे आणि घरात वा अंथरुणास जखडलेले अशी वर्गवारी करणे अपेक्षित असते. शेवटच्या वर्गाकडे आशा कार्यकर्ती व समुदाय आरोग्य अधिकारी यांनी स्वतः जावयाचे असते. विम्यात रुग्ण सेवेकडे जातो, येथे सेवा रुग्णाकडे जाते, असा हा मूलभूत फरक आहे.

अहिल्यानगर जिल्हा : सु. १७,०४८ चौ. किमी. क्षेत्राचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असून २०११ मध्ये त्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. चौदा तालुक्यांच्या या प्रदेशात उत्तरेकडील प्रवरा-गोदावरीकाठची बागायती गावे, अकोल्याच्या डोंगरी वाड्या आणि दक्षिणेकडील अवर्षणप्रवण तालुके अशी विविधता आहे. मोठी रुग्णालये नगर शहर, लोणी, संगमनेर, श्रीरामपूर अशा ठिकाणी एकवटलेली आहेत; लोणी येथे १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. जामखेडहून नगर सु. ७५ किमी. दूर आहे. चालू न शकणाऱ्या वृद्धाला इतक्या अंतरावर नेण्याचा भाड्याचा खर्च व सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी विमापत्रात धरलेली नसते. पाथर्डी, जामखेड व शेवगाव या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्या काळात म्हातारी माणसे अनेकदा लहान नातवंडांसह गावीच राहतात. घरी शुश्रूषा करण्यास कोणीतरी असेल, हे गृहीतच तेथे कोलमडते.

याच जिल्ह्यात गृहभेटीवर आधारलेल्या आरोग्यसेवेचा जगन्मान्य प्रयोग झाला. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या, बहुधा अल्पशिक्षित वा निरक्षर स्त्रियांना त्यांनी ग्राम आरोग्य सेविका म्हणून तयार केले. आरंभी माता-बालसंगोपन, क्षयरोग व कुष्ठरोग यांवर भर होता. पुढे रक्तदाब व मधुमेह यांसारख्या प्रौढ वयातील विकारांकडेही लक्ष देण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकाधारित आरोग्यसेवाविषयक ग्रंथात या प्रकल्पाचा समावेश होता. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मागसायसाय पुरस्कार मिळाला. रोज दार ओलांडून येणारी, त्याच गावची व घराची भाषा जाणणारी सेविका दीर्घकालीन रुग्णाची नियमित देखरेख करू शकते, हे या प्रयोगातून दिसून आले. २००५ मध्ये सुरू झालेल्या आशा योजनेतही गावातीलच स्त्रीला आरोग्य कार्यकर्ती करण्याचे तत्त्व आहे. मात्र सामान्यतः हजार वस्तीमागे एक आशा असून तिच्याकडे मातृत्व, लसीकरण, सर्वेक्षण इ. अनेक कामे असतात.

घरातील शुश्रूषेची प्रमुख अंगे : अंथरुणास खिळलेल्या रुग्णास साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलून देणे, पाठ व टाचा कोरड्या ठेवणे आणि कातडी लाल झाली आहे का ते रोज पाहणे, यांमुळे शय्याव्रण बहुतांशी टाळता येतात. पक्षाघातात गिळण्याची क्रिया मंदावलेली असल्यास रुग्णास बसते करून लहान घास द्यावे लागतात. आडवे ठेवून पाणी पाजल्यास ते श्वासमार्गात जाऊन फुप्फुसशोथ होऊ शकतो. मधुमेहाच्या रुग्णाने जेवण टाळले असता इन्शुलिनची नेहमीची मात्रा घातक ठरू शकते. म्हणून अशा वेळी मात्रेबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे. औषधांची यादी, मात्रा व वेळा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवणे हितावह असते. अचानक तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा बेशुद्धी ही लक्षणे घरी थांबण्याची नसतात. अशा वेळी १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने तत्काळ रुग्णालय गाठावे. दूरवैद्यकासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे २०२० मध्ये जाहीर झाल्याने दूरध्वनीवरून सल्ला घेणे आता नियमबद्ध झाले आहे; तथापि जखम धुणारा किंवा कूस बदलणारा हात त्यातून मिळत नाही.

मूल्यमापन : शासकीय विम्यामुळे वृद्धाच्या शस्त्रक्रियेसाठी जमीन वा दागिने गहाण टाकण्याची वेळ पुष्कळ अंशी टळू शकते, हे त्याचे निर्विवाद कार्य होय. परंतु केवळ खाटेचा खर्च मिळत असल्यास घरी होऊ शकणारे उपचारही रुग्णालयाकडे ओढले जातात आणि घरी परतलेला रुग्ण शुश्रूषेअभावी पुन्हा दाखल होण्याचा संभव राहतो. घरातील परिचर्येचा भार मुख्यत्वे सून, मुलगी किंवा स्वतः वयस्क असलेली पत्नी यांच्यावर पडतो व त्याची मोजदाद कोणत्याही विमापत्रात होत नाही. रुग्णालयातून घरी पाठविताना रुग्णाची माहिती गावच्या आरोग्यवर्धिनी केंद्रास कळविणे, गृहभेटींना स्वतंत्र मनुष्यबळ देणे आणि घरच्या परिचारकास प्रशिक्षण देणे, हे दोन्ही व्यवस्थांना जोडणारे दुवे होत. हे दुवे जोडले गेल्यासच विमा व गृहशुश्रूषा परस्परपूरक ठरतील.